टेबलापलीकडे कुणीतरी असू दे

पुणे,
बुधवार, रात्री

चि. सोनू,


तू पाठवलेला भिंतीचा फोटो पाहिला आणि मला झोप लागेना. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रंगीत चौकोन, आणि खाली तुझं वाक्य : ‘गोळ्या बंद झाल्यात, आता मनाला शिस्त लावणार. महिनाभर खोलीचं दार बंद, कुणी डिस्टर्ब करायचं नाही.’ फोनवर बोलायला लागलं की आपण दोघी थोड्याच वेळात नागपूरच्या तिकिटांवर पोचतो, म्हणून लिहिते आहे. एका बैठकीत वाचून झालं नाही तरी चालेल, पण वाच.

तुझ्या एडीएचडीच्या गोळ्यांबद्दल माझा वाद नाही. धडधड वाढली, रक्तदाब वर गेला, डॉक्टरांनी तपासून थांबवल्या. मिथिलफेनिडेटने असं होऊ शकतं, म्हणून तर ते चालू असताना नाडी आणि रक्तदाब बघत राहतात. दुसरं औषध त्यांनी सुचवलं, तू तूर्त नको म्हणालीस. ठीक आहे, तो तुझा अधिकार. पण औषधाशिवाय राहायचं म्हणजे माणसांशिवाय राहायचं, हे कुठून काढलंस? ब्रिटनमध्ये ‘नाइस’ नावाची संस्था डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढते. एडीएचडीवरच्या त्यांच्या २०१८च्या सूचनांमध्ये, समजून-उमजून औषध नको म्हणणाऱ्या मोठ्या माणसांचाही विचार आहे : याच त्रासासाठी बेतलेलं मानसिक मार्गदर्शन द्या, आणि समोर बसवून किंवा फोनवर, नेमाने पाठपुरावा करत राहा. तुझ्या भिंतीवर छत्तीस चौकोन आहेत. त्यात दुसऱ्या माणसाचं नाव एकदाही नाही.

मी नोकरीची सगळी वर्षं वाचनालयाच्या काउंटरमागे काढली. तिथे बसून माझं एक मत पक्कं झालंय आणि ते तुला ऐकून घ्यावंच लागेल. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. बीड, नांदेड, सोलापूरकडची मुलं एमपीएससीसाठी येतात, कॉट बेसिसवर राहतात, मेसचं जेवतात, हात इतका आखडलेला, तरी दर महिन्याला एका खुर्चीचे पैसे वेगळे काढून ठेवतात. पुस्तकं त्यांची स्वतःची असतात. पंखा खोलीवरही असतो. मग ते पैसे कशाचे? शेजारी मान खाली घालून बसलेल्या अनोळखी मुलाचे! त्याने एक शब्द बोलायचा नसतो, फक्त तिथे असायचं असतं. हल्ली जगभर एडीएचडी असलेली माणसं यासाठी कॅमेरा लावून एकमेकांसमोर बसतात आणि त्याला बॉडी डबलिंग म्हणतात. आपल्या पेठांमधली पोरं ते कधीपासून करताहेत. घरात ज्याला दहा मिनिटं बसवत नव्हतं असा मुलगा आमच्या लांब टेबलाशी दुपारभर बसलेला मी पाहिलाय. दाराकडे पाठ करून बसायचा. त्याला कुणी शिस्त लावली नव्हती.

तुझंही तसंच आहे. पुरुषोत्तम करंडकाच्या तालमी आठव. प्रयोगाची तारीख डोक्यावर, दहाजण आजूबाजूला, आणि भरत नाट्य मंदिरात तुझा प्रकाशाचा एक क्यू चुकला नाही. त्याच महिन्यात घरी एकटीने बसून जर्नल मात्र पुरं झालं नव्हतं. तुझी आई तेव्हा म्हणाली, ‘नाटकाला वेळ आहे, अभ्यासाला नाही.’ बिचारीला कुणी सांगितलं नव्हतं. निदान चौतिसाव्या वर्षी झालं म्हणून ते नवं नाही. डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकाने २०१३ साली मोठ्या माणसांसाठी पाच लक्षणं पुरेशी धरली, पण काही लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असायला हवीत ही अट ठेवली. तुझी शाळेची वर्षं आठवली की मला वेगळा पुरावा लागत नाही.

रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञाने वर्षानुवर्षं हेच मांडलंय की या त्रासात काय करायचं ते माणसाला ठाऊक असतं, ऐन वेळी ते हातून घडत नाही. म्हणून मदत हवी ती काम जिथे करायचं त्या जागी, त्या घटकेला. वेळापत्रक आखायला तुला कुणी शिकवायला नको, तुझी पाचवीपासूनची सुरेख वेळापत्रकं माझ्या कपाटात आहेत. हे नवं पंधरा दिवसांत कोलमडेल आणि मग तू स्वतःला जे बोलशील त्याची मला धास्ती वाटते. कि. मो. फडक्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचारावर मराठीत किती पोटतिडकीने लिहिलंय. काम फसलं म्हणून माणूस नालायक ठरत नाही, एवढं जरी त्यातून घेतलंस तरी पुष्कळ.

तू युक्त्या विचारल्या होत्यास, आता त्या सांगते. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्टीव्हन सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी मोठ्या माणसांसाठी एक कार्यक्रम बेतला, २०१०मध्ये त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. त्यातले लोक औषधं घेत होते, तेव्हा तुला तेवढाच गुण येईल असं म्हणता येत नाही. पण गोष्टी करण्यासारख्या आहेत. डायरी एकच, यादी एकच. (तुझ्याकडे चार अ‍ॅप आणि पर्समध्ये चिठ्ठ्या!) आपलं लक्ष सलग किती टिकतं ते घड्याळ लावून मोजायचं आणि कामाचा तुकडा तेवढाच पाडायचा. मध्येच दुसरं काही आठवलं तर कागदावर टिपायचं, उठायचं नाही, तुकडा संपला की बघायचं. तुझा अर्धा तास कुणी ठरवला? बारा मिनिटं टिकत असेल तर बारा. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत तू अख्खा ओटा आवरतेस, मी पाहिलंय. तेवढं माप धर. वीजबिल बँकेतून परस्पर जाऊ दे, किल्लीला दारातच खुंटी कर. आणि आठवण करून द्यायचं काम जावईबापूंच्या गळ्यात घालू नकोस. त्यातून भांडणंच होतात, ते तुझ्या राखणीला बसलेले नाहीत. सकाळी बाणेरच्या टेकडीवर जा, त्या दिवसापुरतं तरी डोकं ताळ्यावर राहतं.

पण हे सगळं एकटीने नको. व्यसन वेगळं आणि तुझं दुखणं वेगळं, मला कळतं. तरीही १९८६ साली अवचट दांपत्याने याच पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, तेव्हा घरी परतलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडलं नाही. पुन्हा बोलावलं, गटात बसवलं, त्यांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट केला. मन ताब्यात ठेवायचं असेल तर माणसं लागतात, हे तिथे रोज दिसतं. पूर्वी वाड्यात कुणी ना कुणी ओसरीवर असायचंच. वाकडच्या तुझ्या अकराव्या मजल्यावर दार लावलं की दिवसभर कुणी नसतं, आणि तू तेही आतून लावून घेणार.

मंगळवार-शुक्रवार इकडे ये. जेवणाचं टेबल रिकामं करून ठेवते. तू तुझं लॅपटॉपवरचं कर, मी पलीकडे आमच्या मंडळाच्या पुस्तकांची सूची करीन. चार वाजेपर्यंत बोलायचं नाही. चहा मी करीन.

आणि पाच वाजता उठणार म्हणतेस, पण फोटो रात्री पावणेदोनला आलाय. झोपतेस कधी? अपुऱ्या झोपेने लक्ष आणखीच विखुरतं. त्यात भूमकर चौकातून स्कूटरच्या हँडलला फोन लावून येतेस. एडीएचडी असलेल्यांना रस्त्यावर अपघाताचा धोका जास्त असतो, हे संशोधनात अनेकदा दिसलंय. फोन पर्समध्ये टाक, नाहीतर बसने ये.

गेल्या आठवड्यात ‘माझ्याच्यानं जगणंच नीट होत नाही’ म्हणालीस आणि लगेच हसलीस. मला ते हसणं आवडलं नाही. रात्री-बेरात्री तसं वाटलं तर मला उठव. मी उचलला नाही तर १४४१६ वर फोन कर, सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालू असते, मराठीत बोलतात. आणि हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर घाल, जसंच्या तसं. त्यांची पुढची तारीख घेतली आहेस का ते आजच कळव. घेतली नसशील तर घे, मी बरोबर येते.

तुझी,
मावशी