ज्युलिएटची दाई

शाळेच्या वाचनमालेत रोमिओ-ज्युलिएटची जी कथा आम्हांस नेमलेली होती, तीत दाई जवळजवळ नव्हतीच. सज्जात बोलत उभ्या राहिलेल्या मुलीला निजण्यासाठी आतून हाक मारावी, एवढाच काय तो तिचा उपयोग. १८०७ साली लॅम्ब भावंडांनी शेक्सपियरच्या नाटकांना मुलांसाठी कथारूप दिले, त्यात शोकांतिकांचा वाटा चार्ल्सकडे आला. आणि व्हेरोनाच्या या गोष्टीतून त्याने जे निगुतीने वगळले, ते वगळल्यामुळेच ती मुलांच्या हाती देण्याजोगी झाली. उरले ते दोन घराण्यांचे हाडवैर, एक गुप्त विवाह, राजाच्या हुकुमाने झालेली हद्दपारी आणि इच्छित स्थळी न पोचलेले एक पत्र. त्या वयात मला ती टपालाच्या गैरबंदोबस्ताची शोकांतिका वाटत असे.

पुढे महाविद्यालयात मूळ नाटक हाती आले. पुढच्या बाकांवर विद्यार्थिनी बसत असल्यामुळे आमच्या प्राध्यापकांनी दाईचे पहिले लांबलचक भाषण 'घरी वाचा' म्हणून सोडून दिले; आणि त्या रात्री वसतिगृहात ते भाषण जितक्या तत्परतेने वाचले गेले, तितक्या तत्परतेने वर्षभरात नेमलेले दुसरे काही वाचले गेले असेल, असे मला वाटत नाही. त्यातल्या ग्राम्य विनोदावर आम्ही मनसोक्त हसलो. परंतु त्या भाषणात ग्राम्यतेपेक्षा पुष्कळ अधिक काही आहे.

मुलीचे वय सांगता सांगता दाई भूकंपाच्या वर्षाशी येते. त्या गोष्टीला अकरा वर्षे झाली. मालक-मालकीण मांटुआला गेलेली, आपण कबुतरखान्याच्या भिंतीशी उन्हात बसलेली, आणि पोरीचे अंगावरचे पिणे तोडण्यासाठी स्तनाला कडू दवणा लावलेला. (आपल्याकडे कडुनिंब किंवा कोरफड लावीत.) ते कडू तोंडाला लागताच पोर कशी चिडली, आदल्या दिवशी पडून तिच्या कपाळाला टेंगूळ कसे आले, हे सारे तिला काल घडल्यासारखे आठवते. ज्युलिएटच्याच वयाची तिची स्वतःची सुझन मात्र देवाघरी गेलेली आहे. तिचा उल्लेख ती एका वाक्यात उरकते आणि पुढे जाते. आपल्या गेलेल्या लेकीच्या वाट्याचे दूध जिने प्याले, त्या परक्या मुलीवरचा तिचा जीव हा नोकरीच्या कराराबाहेरचा आहे, याविषयी वाचकाच्या मनात तिळमात्र संदेह राहत नाही. आणि तो राहू नये, अशीच नाटककाराची तजवीज आहे.

ज्युलिएटच्या वयालाही त्याने असाच हेतुपुरस्सर हात घातला. ज्या आर्थर ब्रुकच्या १५६२ सालच्या काव्यावरून त्याने ही कथा उचलली, त्यात नायिका सोळा वर्षांची आहे. शेक्सपियरने तिला चौदाव्या वाढदिवसाच्या पंधरवडा नि काही दिवस अलीकडे आणून उभी केली. १९२९ च्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नासाठी १४ वर्षांची मर्यादा मुक्रर केली, त्या हिशेबाने हा विवाह आपल्याकडेही थोडक्यात गुन्ह्यात जमा झाला असता. ब्रुककडे महिनोन्‌महिने रेंगाळणारे कथानक त्याने रविवार ते गुरुवार एवढ्या अवधीत कोंबले, म्हणजे त्या मुलीला मोठे होण्यास चार-पाच दिवसांपेक्षा अधिक सवड म्हणून ठेवली नाही.

ती मोठी होते ती नक्की कधी, हा प्रश्न मला फार वर्षांनी, स्वतःच्या मुलीसाठी स्थळे पाहण्याच्या दिवसांत पडला. लग्नाच्या रात्री, असे रसिक म्हणतील. मला ते पटत नाही, कारण त्या रात्रीनंतरच्या पहाटेही ती पक्ष्याच्या आवाजावरून नवऱ्याशी लाडिक वाद घालते, आणि असा वाद निरागस माणसालाच सुचतो. खरी घटका त्यानंतर येते. आणखी दोन उन्हाळे जाऊ द्या म्हणणारा बाप पॅरिसशी लग्नासाठी गुरुवारचा मुहूर्त धरून बसतो, ऐकले नाहीस तर घराबाहेर काढीन म्हणतो (ही भाषा आपल्या दिवाणखान्यांना अपरिचित नाही), आई तोंड फिरवून निघून जाते, आणि मग ती मुलगी उरलेल्या एकमेव माणसाला विचारते, आता मी काय करू? दाई विचार करून, अगदी मनापासून, व्यवहाराचा सल्ला देते: पहिला नवरा हद्दपार झाला, तो असून नसून सारखाच, हा पॅरिस राजबिंडा आहे, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे पोतेरे, तेव्हा याच्याशी लग्न कर.

हे तू अंतःकरणापासून बोलतेस का, असे ज्युलिएट विचारते. दाई हो म्हणते. मग ती मुलगी शांतपणे 'तथास्तु' अशा अर्थाचा एकच शब्द उच्चारते, तुझ्या बोलण्याने मला फार धीर आला असे म्हणते, आणि बापाला दुखावल्याचे प्रायश्चित्त घेण्यासाठी मी मठात जाते, असा निरोप आईकडे पाठवते. आईशी द्व्यर्थी बोलण्याची चतुराई तिने घटकाभरापूर्वीच दाखवलेली असते. पण दाईशी इतक्या गोड स्वरात ती प्रथमच खोटे बोलते. त्या सल्ल्यात दुष्टावा असता तर तिला रागावता तरी आले असते! आपल्यावर निरतिशय माया करणारे माणूस आपले सर्वस्व बाजारभावाने मोजू शकते, हे ज्ञान चौदाव्या वर्षाच्या आत होणे, यापुढे थडग्यातले विष मला दुय्यम वाटते.

मठातल्या पाद्र्याने दिलेले, मृतवत् निजवणारे औषध घेण्याच्या रात्री ती दाईला खोलीबाहेर पाठवते. एकटी पडताच भीतीने तिला कापरे भरते, सवयीने ती दाईला हाक मारते, आणि लगेच स्वतःलाच विचारते की ती येऊन येथे काय करणार? कुपी ओठाला लावण्याआधी तिने मारलेली ही हाक रंगभूमीवर नट्या बहुधा घाईने उरकतात, हे मला अक्षम्य वाटते.

अखेरच्या प्रवेशात दाई नाही. विवाह तिला ठाऊक होता, एवढी साक्ष पाद्री देतो. राजा काहींना क्षमा आणि काहींना शिक्षा होईल असे मोघम जाहीर करतो, आणि शेक्सपियर तिचा निवाडा तसाच सोडतो. ब्रुकच्या काव्यात मात्र तिला म्हातारपणी हद्दपार करण्यात आले, आणि तेही मुलीचे लग्न आईबापांपासून लपवले म्हणून. पॅरिसशी लग्न कर म्हणाल्याबद्दल तिला कोणीही जाब विचारला नाही.