सत्तेचाळीस आधी वजा करा

ऑपरेशन थिएटरमध्ये आम्हा भूलतज्ज्ञांचं बोलणं टक्क्यांत चालतं. ऑक्सिजन चाळीस टक्के, सेवोफ्लुरेन दोन टक्के. शरीराला मात्र टक्के कळत नाहीत, दाब कळतो. मिश्रणातला प्रत्येक वायू बाकीचे तिथे नसल्यासारखा आपापला दाब टाकतो, हे डाल्टनने दोनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय.

म्हणून नव्या निवासी डॉक्टरांच्या हाती मी मशीनआधी कागद देते. मुंबईच्या हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर. त्यातून पहिल्यांदा ४७ वजा. हवा श्वासनलिकेत शिरली की ३७ अंशांना बाष्पाने चिंब होते आणि बाष्प स्वतःचा वाटा आधी उचलतं. उरले ७१३, त्याचे २१ टक्के म्हणजे १५०. पुण्यात हाच आकडा १३९ च्या आसपास येतो. लेहला हवेचा दाब सुमारे ४९५. ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच, पण हाती येतात जेमतेम ९४.

मला या हिशेबात सर्वांत सुंदर वाटतो तो ४७ चा आकडा. शरीराचं तापमान बदलत नाही, म्हणून तोही बदलत नाही. १९८१ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर २५३ मिलिमीटर दाब मोजला गेला. त्यातूनही ४७ जातातच. जवळजवळ पाचवा हिस्सा. ऑक्सिजनला उरतात ४३.

भुलीच्या औषधांचंही असंच. सेवोफ्लुरेनचं साधं व्हेपोरायझर, म्हणजे द्रव औषधाची वाफ करणारं उपकरण, उंचीवर आपोआप जास्त टक्के सोडतं, त्यामुळे दाब जवळपास तोच राहतो. डेसफ्लुरेन २३ अंशांच्या आतच उकळतं, म्हणून त्याचं व्हेपोरायझर तापवलेलं आणि दाबाखालचं असतं; ते इमानेइतबारे टक्केच पाळतं. डायलवर ६ ठेवले तर मुंबईत ४६ मिलिमीटर मिळतात, लेहला तीसही नाहीत. म्हणजे तिथे ९ च्या वर जायला हवं, नाहीतर भूल उथळ राहील.

उंचावर काम करायला जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. मोबाइलवरच्या हवामानातला दाब या हिशेबात घेऊ नका. तो समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, लेहलाही हजार हेक्टोपास्कलच्या आसपासच दिसतो. त्या जागेचा प्रत्यक्ष दाब विचारून घ्या.