प्लीहेतली गाठ : "डॉक्टर, मलाच का झाली?"

पित्ताचे खडे आहेत का, हे पाहण्यासाठी सोनोग्राफी केली आणि रिपोर्टात 'प्लीहेत गाठ' असे आले. एक ताई तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आल्या. घाबरून त्यांनी तेल-तिखट सोडले होतेच, पण "गोळ्यांची उष्णता" म्हणून रक्तदाबाचे औषधही बंद केले होते. दाब भरला १८०. मला त्या गाठीपेक्षा याचीच जास्त काळजी वाटली.

प्लीहा म्हणजे पाणथरी. डाव्या बरगड्यांखालचा हा अवयव जुन्या रक्तपेशी गाळतो आणि जंतूंशी लढायला मदत करतो. तो रक्तवाहिन्यांनी भरलेला असतो, त्यामुळे त्यातल्या काही साध्या गाठीही रक्तवाहिन्यांच्याच असतात.

त्यांत जास्त आढळते ती हिमँजिओमा. ही बहुधा जन्मजात असते. लिटोरल सेल अँजिओमा फार दुर्मिळ. तिचे पहिले वर्णन १९९१ साली झाले. तिचे नेमके कारण सिद्ध झालेले नाही. मात्र क्रोन्ससारखे आजार, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा दुसऱ्या अवयवाचा कर्करोग असलेल्या काही रुग्णांत ती दिसली आहे. सोबत आढळली म्हणजे त्यामुळेच झाली असे नव्हे. पण म्हणूनच ही गाठ निघाली तर बाकीची तपासणीही करून घ्यावी लागते.

तुमच्या खाण्यामुळे किंवा रक्तदाबाच्या गोळीमुळे या गाठी होतात, असा पुरावा नाही. स्वतःला दोष देऊ नका.

लहान, त्रास न देणारी आणि तपासणीत साधी दिसणारी गाठ बहुधा ठरावीक काळाने सोनोग्राफी करून नुसती पाहत राहतात. ती वाढत असेल किंवा शंकास्पद दिसत असेल तर सीटी किंवा एमआरआय करतात, कधी प्लीहा काढावी लागते. रक्तस्रावाच्या भीतीने सुईने तुकडा घेणे अनेकदा टाळतात. ठरवून शस्त्रक्रिया असेल तर शक्यतो दोन आठवडे आधी न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या लसी घ्या. प्लीहा काढल्यावर ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गाठ असताना पोटाला मार लागला, डावीकडे अचानक जोरात दुखले किंवा चक्कर आली, तर थेट रुग्णालयात जा.

ताईंची गाठ दोन सेंटिमीटरची, हिमँजिओमासारखी दिसणारी. वर्षभरात ती वाढलेली नाही. गोळी मात्र त्यांनी त्याच संध्याकाळी पुन्हा सुरू केली.