सालामांकाचा बेडूक

"पण हे शिकून पुढं करायचं काय?"

हा प्रश्न आमच्या घरी दोन वर्षे रोज रात्रीच्या पानात वाढला जात होता. वाढणारा मी, आणि निमूटपणे गिळणारी आमची कन्या. बी. कॉम. झाली, पुण्यात बऱ्यापैकी नोकरी लागली, आणि संध्याकाळच्या वर्गाला स्पॅनिश शिकता शिकता तिने एके दिवशी जाहीर केले, की नोकरी सोडून आपण स्पेनमधल्या सालामांका विद्यापीठात स्पॅनिश भाषा आणि संस्कृती शिकायला जाणार! मी पडलो बँकेत हयात घालवलेला माणूस. भाषेवर व्याज किती सुटते, हे मला कोणी शिकवले नव्हते. अखेर सौ.च्या मध्यस्थीने तह झाला. एक मुदत ठेव आता मोडायची. मध्ये मी स्वतः जाऊन पाहायचे, आणि लक्षण ठीक दिसले तरच दुसरी मोडायची. त्याप्रमाणे २०२३ च्या फेब्रुवारीत, गळ्यात मफलर आणि मनात हिशेब घेऊन मी सालामांकाला उतरलो.

माद्रिदपासून पश्चिमेला दोनशेवर किलोमीटरांवर हे गाव आहे. खाली तोर्मेस नदी, तिच्यावर रोमन काळातला पूल, आणि वर मधाच्या रंगाच्या दगडात बांधलेले सारे जुने शहर. हा दगड जवळच्याच व्हियामायोर गावच्या खाणीतला. मावळतीचे ऊन पडले, की भिंतींना हळद लावल्यासारखी वाटते. घंटाघरांवर करकोच्यांची घरटी. विद्यापीठाची स्थापना १२१८ सालची. म्हणजे ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्या बहात्तर वर्षे आधीची. दरवाजाची दर्शनी भिंत म्हणजे दगडात विणलेली जाळीच! तिच्यात कुठेतरी एका कवटीवर बेडूक कोरलेला आहे. कोणी न दाखवता तो ज्याला सापडेल, तो विद्यार्थी परीक्षेत पास, अशी इथली समजूत.

"दाखव की कुठं आहे तो," मी म्हणालो.

"अं हं! तुमचा तुम्हीच शोधा, बाबा."

मान दुखेपर्यंत वर पाहिले. बेडूक काही दिसला नाही. सर्दी मात्र झाली.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानात गेलो. काउंटरमागच्या बाईंनी माझ्याकडे पाहून आपुलकीने विचारले, "कोन्स्तिपादो?" मी संतापलो. माझ्या पोटाची चौकशी भर दुकानात? शिंकत शिंकतच मी जोरजोराने मान हलवली. कन्या हसून लोटपोट झाली. स्पॅनिशमध्ये 'कोन्स्तिपादो' म्हणजे सर्दी झालेला. इंग्रजीतला तो दुसरा त्रास नव्हे!

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बाबा, इथं आपण हसलो. पण दवाखान्यात किंवा कोर्टात दुभाष्यानं अशी चूक केली तर? 'एम्बारासादा' शब्दाचा अर्थ इंग्रजीवरून लावलात, तर 'ओशाळलेली' होईल. खरा अर्थ आहे 'गरोदर'!"

जेवताना तिने आणखी एक धडा दिला. 'तोर्तिया' मागवली, तर अंडी-बटाट्याची जाड, गोल पोळी आली. "हाच शब्द मेक्सिकोत उच्चारलात, तर मक्याची भाकरी येईल," ती म्हणाली. "शब्द एकच, पण जेवण वेगळं. म्हणून नुसती भाषा शिकून भागत नाही. माणसंही शिकावी लागतात."

मराठी माणसाला ही भाषा तशी फार परकी नाही. त, द हे उच्चार आपल्यासारखेच दातांना जीभ लावून. टेबलखुर्चीलाही लिंग असते, याचे आपल्याला नवल नाही. आणि पाव, पगार, चावी हे शब्द पोर्तुगीजांनी आपल्याला दिले. स्पॅनिश ही त्याच भाषेची सख्खी बहीण. पैसे चुकते करणे म्हणजे इथेही 'पागार'! हा शब्द मात्र मला लगेच पाठ झाला.

विद्यापीठात फ्राय लुईस दे लेओन यांचा वर्ग जपून ठेवला आहे. ओबडधोबड लाकडी बाकांवर विद्यार्थ्यांनी कोरलेल्या खुणा अजून आहेत. बायबलातल्या एका काव्याचे त्यांनी लोकभाषेत भाषांतर केले. हा त्यांच्यावरच्या आरोपांपैकी एक ठरला, आणि १५७२ ते १५७६ ते धर्मन्यायालयाच्या कैदेत राहिले. सुटून पुन्हा वर्गात आले आणि "काल आपण म्हणत होतो, की..." अशी सुरुवात केली, अशी आख्यायिका सांगतात. त्याच्याही आधी, १४९२ साली, अंतोनियो दे नेब्रिहा यांचे कास्तिलियन भाषेचे व्याकरण याच गावात छापले गेले. भाषेला इतके गंभीरपणे घेणारे गाव मी पाहिले नव्हते.

संध्याकाळी प्लासा मायोर या भव्य चौकात कॉफी घेताना मी मूळ मुद्द्याला हात घातला.

कन्येने बोटे मोडून सांगितले. वीस देशांची ही अधिकृत भाषा. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांपैकी एक. भाषांतर, दुभाष्याचे काम, अध्यापन, पर्यटन, परदेशी व्यापार करणाऱ्या कंपन्या. "पण नोकरी ठेवलेलीच आहे, असं मी म्हणणार नाही," तीही प्रामाणिकपणे म्हणाली.

मी शेवटचा हुकमाचा पत्ता टाकला. "अगं, आता भाषांतर यंत्रं करतात!"

"करतात की. मीही वापरते. पण बाबा, कागद चुकला तर जबाबदार कोण? खाली सही कोणाची?"

मी गप्प झालो. छत्तीस वर्षे बँकेत मी दुसरे काय केले होते? आकडे यंत्र मांडत असे. पण चेक खरा की खोटा, हे पाहून सही मी करीत होतो. त्या सहीचाच पगार मला मिळत होता. शब्द कोणीही देईल. त्यांची हमी द्यायला मात्र माणूस लागतो, आणि त्यासाठी त्या भाषेच्या गल्ल्यांतून त्याला हिंडावे लागते.

निघण्याच्या दिवशी पहाटे मी एकटाच पुन्हा त्या दरवाजासमोर उभा राहिलो. कवट्या दिसल्या, वेलबुट्ट्या दिसल्या, राजाराणीही दिसली. बेडूक शेवटपर्यंत सापडला नाही. म्हणजे मी नापास!

पण परीक्षा मला थोडीच द्यायची होती? पुण्याला पोचताच बँकेत गेलो आणि दुसरी ठेव मोडली. फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता. क्षणभर थांबलो आणि लिहिले : 'शिक्षण'. खाली सही केली.