जोड राखून

प्रदर्शनात माझ्या चित्रांसमोर उभे राहणारे लोक हमखास एकच वाक्य म्हणतात, ‘‘काय हो पेशन्स तुमचा!’’ कौतुकच असतं ते, मी हसून घेते. पण खरं सांगू? कातरकामाला संयम लागतो तो रोजच्या पोळ्या लाटायला लागतो तेवढाच. त्याहून जास्त लागतो तो हिशेब. कागदाचं एकच पान. त्यातून काढलेलं परत बसवता येत नाही, आणि जे उरतं ते एकमेकांना कुठे ना कुठे धरून राहायला हवं. फांदी सुटलेला पक्षी रंगवणाऱ्याला परवडतो, मला नाही. माझ्या पक्ष्याची शेपटी पानाला टेकली पाहिजे, पान फांदीला आणि फांदी चौकटीला. टेकण्याच्या या जागांना मी जोड म्हणते. माझा दिवस कापण्यात कमी आणि जोड शोधण्यात जास्त जातो.

सकाळ पेन्सिलीची. चित्र कागदाच्या पाठीवर काढायचं, म्हणजे दर्शनी बाजूवर रेघा राहत नाहीत. अर्थात चित्र उलटं काढावं लागतं आणि अक्षरंही. आरशातली देवनागरी आता मला सुलटीइतकीच सहज लिहिता येते. घरचे म्हणतात, किराण्याची यादी तेवढी सुलटी लिही.

अक्षरं आली की हिशेब रंगतो. देवनागरी ही कातरकाम करणाऱ्यांवर प्रसन्न असलेली लिपी आहे, असं माझं ठाम मत आहे. रोमन अक्षरं सुटी सुटी, प्रत्येकाला काही ना काही टेकू शोधावा लागतो. आपल्याकडे शिरोरेषा अख्खा शब्द एका दांडीवर अडकवून ठेवते. काना, मात्रा, वेलांटी, रफार सगळे तिच्या आधाराने उभे. उकार अक्षराच्या बुडाशी धरलेला. अडतं ते अनुस्वारापाशी. ‘आनंद’वरचं टिंब कापलं की टेबलावर पडतं. ॐची चंद्रकोर आणि बिंदू, विसर्गाचे दोन ठिपके यांचंही तेच. शिवाय थ, ध आणि भ. यांच्या डोक्यावरची रेघ अर्धी मोकळी सोडावी लागते, नाहीतर भचा म होतो आणि धचा घ. म्हणजे ‘शुभ’ या शब्दात, दिवाळीच्या दिवसांत जो सगळ्यात जास्त कापावा लागतो त्यात, शिरोरेषा नेमकी मधे तुटते! तिथे मी शुच्या उकाराची शेपटी लांबवून भच्या गाठीला टेकवते. अनुस्वार कधी वरच्या तोरणातून लोंबणारा मणी होतो, कधी वेलीच्या टोकाची कळी. पाहणाऱ्याला ती सजावट वाटते. ती सजावट नसते, तो आधार असतो.

रांगोळीचा छाप करायचा असेल तर सगळं गणित फिरतं. तिथे अनुस्वार म्हणजे नुसतं भोक, सगळ्यात सोपा. पण व, ब, क यांच्या पोटातला तुकडा गळून पडतो. त्याला बारीक पट्ट्यांनी बाहेरच्या कागदाशी बांधून ठेवावं लागतं.

छापाच्या विद्येची कमाल पाहायची तर ती मथुरा-वृंदावनच्या सांझीत. पितृपंधरवड्यात आपण नवं काही हाती घेत नाही. तिकडच्या काही मंदिरांत त्याच दिवसांत राधाकृष्णाच्या लीलांची चित्रं कोरड्या रंगांनी जमिनीवर उमटवतात, काही पाण्यावरही. त्यासाठीचे छाप कागदाचे, खास घडवून घेतलेल्या बारीक टोकांच्या कात्र्यांनी कापलेले. एका चित्राला एक छाप पुरत नाही, रंगागणिक वेगळा लागतो, आणि सगळे एकावर एक नेमके बसावे लागतात. कदंबाच्या झाडाखाली गायी, माकडं, मोर अशी दाटी असते आणि त्या दाटीत जोड लपवलेले असतात. मोराच्या पिसाऱ्यातली कुठली रेघ मोराची आणि कुठली निव्वळ कागद धरून ठेवायला, हे शोधत बसणं हा माझा आवडता उद्योग आहे. दिल्लीच्या 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धांत खेळांची जी चिन्हं होती, ती या सांझीवरून बेतलेली होती. कुस्ती, नेमबाजी पाहणाऱ्या किती जणांच्या हे लक्षात आलं असेल कोण जाणे.

कापणं दुपारी, उत्तरेच्या खिडकीपाशी. मी कात्री कमी वापरते. सर्जिकलच्या दुकानात मिळणारं 11 नंबरचं ब्लेड आणि त्याला 3 नंबरचा दांडा, एवढं माझं मुख्य हत्यार. धार किंचित उतरली तरी ब्लेड बदलायचं. बोथट पातं कागद कापत नाही, ओढतं. खाली काच घेऊ नये, टोक लगेच मरतं. रबरी कटिंग मॅट बरी. आधी आतली लहान भोकं, मग मोठी, बाहेरची चौकट सगळ्यात शेवटी, कारण चौकट सुटली की कागदाचा ताण जातो. वळणावर हात फिरवायचा नाही, कागद फिरवायचा. टोकदार कोपऱ्यात दोन्ही छेद कोपऱ्यापासून सुरू करून बाहेर ओढायचे, म्हणजे पातं पुढे घसरून जोड तुटत नाही.

कागदाला धर असतो, लाकडाला असतो तसा. कारखान्यात कागद तयार होताना तंतू बहुतेक एका दिशेला पडतात. लांब बारीक पट्टी त्या दिशेने ठेवली तर तग धरते, आडवी ठेवली तर मान टाकते. हातकागद मला फार आवडतो. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत गेले की मी रिकाम्या हाताने परत येत नाही. पण सुती चिंध्यांच्या त्या लगद्यातून अगदी बारीक कामात कडेला तंतू सुटतात. म्हणून तो मी चित्रामागे लावते, चित्र मात्र 120 ते 160 जीएसएमच्या गुळगुळीत कागदावर.

पावसाळा हा माझा वैरी. हवेतला ओलावा पिऊन कागद फुगतो आणि लाटा धरतो. आणि नेमकी तेव्हाच गणपतीची कामं येतात. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आली, तेव्हापासून कागद-पुठ्ठ्याच्या मखरांना विचारणा वाढली. पताका मी एकेक कापत नाही, घड्या घालून थप्पीने कापते. मेक्सिकोत पापेल पिकादो नावाच्या पताका करतात, त्यात पतंगी कागदाची जाड थप्पी रचून छिन्नी-हातोड्याने नक्षी पाडतात. त्यात नाजूकपणा कमी आणि आवाज फार. मला ते फार निरोगी वाटतं. एकाच कागदावर दिवसच्या दिवस श्वास रोखून बसायचं, हा कातरकामाचा एकमेव धर्म नव्हे.

डोळ्यांबद्दल सगळे विचारतात. थकतात, खरं आहे. दिवेलागणीनंतर मी बारीक काम करत नाही. पण या कलेत डोळा आपण समजतो तेवढा महत्त्वाचा नाही. शांतिनिकेतनचे विनोदबिहारी मुखर्जी, सत्यजित राय यांचे शिक्षक, पन्नाशी उलटल्यावर डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण अंध झाले. त्यानंतर त्यांनी कागद कापून, चिकटवून चित्रं केली. कापलेल्या कागदाची कड बोटांना कळते, रंगाची रेघ कळत नाही. राय यांनी 1972 साली त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. कागदाशी खेळ करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तो पाहावा.

आता लेझरचा विषय. यंत्र तासाभरात शेकडो प्रती काढतं, मग तुम्ही कशाला, असं मला विचारतात. माझं यंत्राशी भांडण नाही. लग्नपत्रिकांची कामं आली तर मीही चित्र काढून देते आणि कापणं यंत्राकडे सोपवते. भांडण आहे ते जोडांचा विचार न केलेल्या चित्रांशी. बाजारातल्या पुष्कळ लेझर-नक्षीत फुलं जाळीवर नुसती ठेवल्यासारखी दिसतात, कारण काढणाऱ्याने संगणकावर आधी फूल काढलं आणि मग ते पडू नये म्हणून मधे काड्या घातल्या. जोड चित्रातून उगवायला हवा. तो नंतर घातलेला कळतो, हाताने कापलेल्या कामातही कळतो.

तेव्हा यंदा कुणाकडून कातरकाम विकत घेणार असाल तर भाव करण्याआधी पाठ पाहायला मागा. पांढऱ्या कागदावर लेझरची कड किंचित तपकिरी जळलेली असते. हाताच्या कामात पाठीवर पेन्सिलीच्या पुसट रेघा सापडतात. दोन्हींची किंमत वेगवेगळी असणं रास्त आहे. चौकट करताना कागद काचेला चिकटू देऊ नका, मागच्या पानापासूनही थोडा उचलून बसवायला सांगा, म्हणजे सावली पडते. गव्हाच्या खळीने चिकटवलेलं असेल तर कसर लागते, तेही विचारून घ्या. आणि पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर ते टांगू नका. रंगीत कागद त्या उन्हात फार काळ टिकत नाही.