चोर्ल्यातलं धुकं आणि बाबांचा हात

उद्यमबागेतल्या जुन्या वर्कशॉपांच्या आठवणी इथं वाचत असतो, म्हणून हे लिहायला घेतलं. तसं हे वर्कशॉपचं नाही, गाडीचं आहे. पण फिरून तिथंच येणार.

गेल्या जुलैतली गोष्ट. बाबांना डिचोलीहून, ताईच्या घरून, बेळगावला परत आणत होतो. साखळी, केरी मागं पडलं, अंजुणे धरण गेलं आणि चोर्ला घाट चढायला लागलो. पाऊस असा की वायपर दमले. बाबा पुढच्या सीटवर, मागे आई आणि ही. बाबांना काचबिंदू. उजवा डोळा गेलाच आहे, डाव्याला उजेड आणि हालचाल तेवढी कळते.

गाडी चार महिन्यांची. लेकाच्या हट्टापायी घेतलेली. डॅशबोर्डवर ताटाएवढा स्क्रीन आणि बाकी सगळं गुळगुळीत. शोरूममध्ये मलाही ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू?

वर धुकं लागलं आणि काच आतून धुरकटली. चार माणसांचे श्वास, ओले कपडे, बाहेर गार पाऊस, होणारच. उपाय साधा असतो. एसी लावून कोरडी हवा सरळ पुढच्या काचेवर सोडायची. जुन्या गाडीत त्याला एक गोल खटका होता, रस्त्यावरची नजर न काढता दोनदा टक् टक् फिरवायचो. इथं आधी नकाशा बाजूला करायचा, मग हवेचं पान उघडायचं, मग त्यात काचेचं बारीक चित्र शोधायचं. त्यात मी नुकताच हात बाहेर काढून आरसा पुसलेला. ओल्या बोटाला स्क्रीन दादच देईना. हे स्क्रीन बोटातल्या विजेच्या सूक्ष्म फरकावर चालतात आणि पाण्याचा थेंबही त्यांना बोटासारखाच वाटतो. एकदा दाबलं तर गाणं सुरू झालं.

तेवढ्यात बाबांनी माझ्या मांडीवर थाप मारली. "समोर बघ! चाक खाली उतरलंय!"

डावं चाक डांबर सोडून खडीवर गेलं होतं. मला दिसलं नव्हतं, त्यांना ऐकू आलं. गाडी वर घेतली आणि समोरून वळणावर बसचे दिवे आले. वेग तीसच्या आसपास होता. त्या वेगाने गाडी सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते. मी किती सेकंद खाली बघत होतो ते माहीत नाही. आईने देवाचं नाव घेतलं, हिने ओढणीने काच पुसून दिली, खिडक्या खाली घेतल्या आणि भिजत भिजत कणकुंबी गाठली.

तिथं चहा घेताना बाबा गाडीतच बसून होते. मी परत आलो तर त्यांचा हात डॅशबोर्डवर फिरत होता, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे.

"बटण कुठाय रे?"

"बटण नाही बाबा. काच आहे."

"सगळी काचच?"

बाबांनी चौतीस वर्षं उद्यमबागेत टर्नर म्हणून काढली. त्यांचं लेथ हरिहरच्या कारखान्यातलं, मायसोर किर्लोस्करचं. शाळेत असताना मी डबा घेऊन जायचो तेव्हा आटे पाडताना त्यांना बघितलंय. नजर टूलच्या टोकावर, ती हलायची नाही. डावा हात क्रॉस स्लाइडवर, उजवा हाफ नटच्या दांड्यावर. जॉबच्या खांद्याशी टूल पोचायच्या नेमक्या क्षणी दांडा उचलायचा. उशीर झाला की टूल खांद्यावर आपटलं, जॉब भंगारात. दांडा कुठं आहे हे बघायला मान वळवायची सोयच नव्हती. तो जिथं होता तिथंच असायचा, आणि हाताला ओळखू यायचा.

पुढे शॉपमध्ये सीएनसी आलं, स्क्रीनसकट. बाबांनी कुरकुर केली नाही, प्रोग्राम बघायला स्क्रीन चांगलाच, म्हणायचे. पण त्या मशीनलाही फीड कमीजास्त करायला गोल चकती होतीच, आणि लाल इमर्जन्सी बटण तळहाताने ठोकता येईल असं. नव्या प्रोग्रामचा पहिला पीस काढताना त्यांचा हात त्या चकतीवरून उठायचा नाही.

घरी आल्यावर चैन पडेना, म्हणून वाचत बसलो. २०१७ साली सिंगापूरजवळ अमेरिकेची जॉन एस. मॅकेन ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि १० खलाशी गेले. सुकाणू आणि वेगाचं नियंत्रण टचस्क्रीनवरून दुसऱ्या जागी देताना घोळ झाला. नौका वळत राहिली आणि चालवणाऱ्यांना वाटलं सुकाणूच गेलं. प्रशिक्षण अपुरं होतं, हेही कारण चौकशीत निघालं. पण नंतर त्यांच्या नौदलाने वेगासाठी हाताने ढकलायचे दांडे परत बसवायचं ठरवलं. ते वाचून मी लॅपटॉप मिटला आणि थोडा वेळ तसाच बसलो.

दुसऱ्या महायुद्धातला किस्सा तर बाबांना वाचूनच दाखवला. बी-१७ विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकंच आत घ्यायचे, कारण दोन्ही खटके सारखे आणि शेजारी शेजारी. अल्फॉन्स चॅपॅनिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या खटक्याला रबरी चाक लावलं आणि फ्लॅपच्या खटक्याला पाचरीचा आकार दिला. बाबा हसले. "एवढं तर आमच्या हेल्परला पण कळतंय की."

२०२२ मध्ये एका स्वीडिश मोटार मासिकाने ताशी ११० च्या वेगात चार साधी कामं करायला लावली. २००५ च्या व्होल्व्होत ती १० सेकंदांत झाली, सगळ्यात वाईट स्क्रीनवाल्या गाडीत ४४.९ सेकंद लागले. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त. आता युरो एनकॅपनेही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न अशा गोष्टींना खरी बटणं असतील तरच पूर्ण गुण द्यायचं ठरवलंय. यादीत काच साफ करणारं बटण मात्र मला दिसलं नाही.

घरातलं वॉशिंग मशीनही आमचं सपाट पॅनेलचं. ते बाबा आता एकटे लावतात. सुरू करायच्या खुणेशेजारी त्यांनी माझ्याकडून एमसीलचा छोटा गोळा चिकटवून घेतला. खुणेवर नाही, शेजारी. वर लावला तर बोट लागत नाही. गोळा चाचपायचा आणि अर्धा इंच उजवीकडे सरकायचं. पंख्याचा रेग्युलेटर, रेडिओ यांना काहीच लागलं नाही.

मागच्या महिन्यात एमसीलची पुडी हातात घेऊन मला म्हणाले, "चल, गाडीला पण लावू." अंगणात गाडीत बसलो. त्यांनी स्क्रीनच्या कडेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सांग, कुठं?"

मी सांगितलं की पान बदललं की ती खूण तिथं नसते. नकाशा असला तर तिथं झूम असतं, गाणी असली तर पुढचं गाणं. बोलून आज्ञा द्यायची सोय आहे, तीही करून बघितली. तिला आमची बेळगावी कळली नाही, तिने हुबळीचा रस्ता दाखवला.

बाबांनी पुडी परत खिशात टाकली. "मग ते बटण नव्हेच की."

हल्ली पावसात चोर्ला चढायच्या आधी मी अंजुण्यापाशी गाडी बाजूला घेतो, हात पुसतो, हवेचं पान उघडतो आणि जांबोटीपर्यंत तसंच ठेवतो. नकाशा हिच्या मोबाईलवर. वळण कुठं येतंय ते ही सांगते, आणि चाक कुठं चाललंय ते बाबा.