श्याम आज्ञाधारक होता म्हणे!

‘श्याम हा प्रामाणिक, आज्ञाधारक व मातृभक्त मुलगा होता. तो मला खूप आवडतो. त्याच्यापासून आपण चांगले गुण घेतले पाहिजेत.’

ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. तुम्ही-आम्ही चौथीत हेच लिहीत होतो. श्यामच्या जागी ध्रुवबाळ टाका नाहीतर एकलव्य, बाकीची वाक्यं फिट्ट बसतात. आणि आज? ज्युनिअरचा अप्रेझल फॉर्म समोर आला की ‘सिन्सिअर, हार्डवर्किंग, टीम प्लेअर’ लिहून आपण मोकळे. तो माणूस नक्की कसा आहे, ते त्यात कुठंच नसतं. सवय जुनी आहे हो!

माझी भाची सध्या चौथीत आहे. ताई-दाजी दोघंही नोकरीवाले आणि मी फ्रीलान्सर, म्हणजे घरच्यांच्या मते रिकामटेकडी. त्यामुळं राजारामपुरीतल्या ताईच्या घरी संध्याकाळचा अभ्यास माझ्याकडं. शाळेनं ‘आवडत्या पुस्तकातलं आवडतं पात्र’ असा प्रोजेक्ट दिला. कपाटात साने गुरुजींचं १९३५ सालचं ‘श्यामची आई’ होतंच. बाईसाहेबांनी वरच्या तीन ओळी दोन मिनिटांत खरडल्या आणि रिमोट हातात घेतला.

मी एवढंच विचारलं, ‘आज्ञाधारक कशावरून गं?’

‘असंच लिहायचं असतंय, मावशी.’

पुस्तक उघडलं, पोहण्याचा प्रसंग काढला. गावातली पोरं पाण्यात उड्या मारतायत आणि श्याम घाबरून घरात लपून बसलाय. आई त्याला शोधून काढते, फटके देते आणि पोहायला पाठवते. भाचीनं वाचलं, परत वाचलं. ‘मग ह्यो कुठं ऐकतोय आईचं?’

बस्स, इथून खरी मजा सुरू झाली. आम्ही एक नियम केला. विशेषण लिहायचं तर पुस्तकातली जागा बोट ठेवून दाखवायची, आणि त्या विशेषणात न बसणारी आणखी एक जागा शोधायची. शेजारचा तिसरीतला गडीही बगलेत ‘फास्टर फेणे’ घेऊन आला. त्याचा शब्द अर्थातच ‘शूर’. पण भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश म्हणजे एकदम हाडकुळा पोरगा. अंगात ताकद नाही, मग शूर कसा? गडी बराच वेळ पेन्सिल चावत बसला आणि त्यानं लिहिलं, ‘तो बारीक आहे म्हणून आधी नीट बघतो आणि मग पळतो.’ नाद खुळा! दहा ओळींच्या निबंधापेक्षा मला हे एक वाक्य भारी वाटलं.

‘का?’ हा प्रश्न मात्र फारसा कामाचा नाही, हे माझ्या लवकर लक्षात आलं. नऊ वर्षांच्या पोराला ‘का’ विचारलं की ते तुमच्या तोंडाकडं बघतं आणि तुम्हाला हवं तेच उत्तर देतं. ‘कुठं?’, ‘तेव्हा शेजारी कोण होतं?’, ‘त्याच्या जागी तू काय केलं असतंस?’ असं विचारा, मग बघा. आणि आधी बोलू द्यायचं, वही नंतर. वही समोर आली की पोरं ‘व’ आणि ‘परंतु’च्या भाषेत शिरतात.

यात मी काही नवा फंडा काढलेला नाही. याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी १९८५ साली ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केलं. प्राथमिकच्या मुलांसाठी, मराठी माध्यमाची, अनुभवातून शिकवणारी शाळा. कादंबरीकार ना. सी. फडक्यांची ही मुलगी, आधी शिक्षक घडवण्याच्या कामात होती. ‘लिहिणं मुलांचं, शिकवणं शिक्षकांचं’ असं त्यांचं एक पुस्तकच आहे. नावातच कुणाचं काम कुठं संपतं ते सांगून टाकलंय. २०२० च्या जूनमध्ये वयाच्या ९३ व्या वर्षी लीलाताई गेल्या. शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते १९१७ मध्ये. पोरं शाळेत आली. पण तिथं बसून त्यांनी स्वतःचं काही लिहायचं की नाही, हे भांडण अजून चालूच आहे. दहावीच्या मराठीच्या पेपरात ‘स्वमत’ नावाचा प्रश्न असतो आणि बाजारातल्या गाईडात त्याचंही रेडीमेड उत्तर मिळतं. दुसऱ्याचं स्वमत! घ्या.

असो. तिसऱ्या दिवशी भाचीनं आपणहून जे लिहिलं, ते असं:

‘आईला श्यामचा फक्त राग आला नव्हता. लोक त्याला भित्रा म्हणतील याची तिला भीती होती. म्हणजे दोघंपण घाबरले होते. मी असतो तर मीपण लपलो असतो. पण आईनं मारायच्या आधी एकदा विचारायला पाहिजे होतं.’

(पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: ‘असतो’, ‘लपलो’ ही चूक नव्हे. आमच्याकडं कितीतरी पोरी ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात.)

वही ताईनं वाचली. आता थोडी घरातली गोष्ट सांगते. गेल्या मे महिन्यात भाचीनं स्विमिंगचा क्लास दुसऱ्याच दिवशी सोडला होता. फी भरलेली, त्यात समोरच्या घरातली पोरगी टँक आडवा पार करून आलेली. त्या संध्याकाळी ताईचा हात उठला होता. त्यावर नंतर कुणीच काही बोललं नव्हतं, मीसुद्धा नाही.

ताई शेवटच्या ओळीवर जरा जास्तच रेंगाळली. मग म्हणाली, ‘तुझं बरं आहे, मार्क तुझे जात नाहीत. श्यामच्या आईला असं म्हटलेलं टीचरना चालेल?’ प्रश्न खोटा नव्हता. आधीच्या टर्मला भाचीनं मनानं लिहिलेल्या एका उत्तरावर लाल पेनानं ‘पाठ करून लिही’ असा शेरा आला होता, आणि बहिणीला पालकसभेत मी नाही, तिलाच बसावं लागतं.

मी गप्प राहिले. भाची दोघींकडं बघत होती.

‘निदान “असतो”चं “असते” तरी कर,’ ताई शेवटी म्हणाली. ‘बाकीचं राहू दे.’

भाचीनं खोडरबर घेतलं, ‘असते’ केलं, ‘लपलो’चं ‘लपले’ केलं. खालच्या ओळीला हात लावला नाही. सोमवारी वही शाळेत गेली.